होडीच्या अंगावरील ओरखडा : परीक्षा आणि दुरुस्ती

जून महिना लागला की गोव्याच्या किनाऱ्यावरचे चित्र पालटते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत मालिम, कुठ्ठाळी, कुटबण, वास्कोचा खारीवाडा, शापोरा अशा ठिकाणच्या यांत्रिक नौका धक्क्याला विसावतात. लहान होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली वा झावळ्यांखाली झाकल्या जातात. वर्षभर पाण्यात राहिलेले होडीचे अंग या दिवसांत प्रथमच नीट दृष्टीस पडते. धक्क्याच्या कडेला घासल्याच्या रेघा, नांगराच्या साखळीने ओढलेले चरे, वाळूवर ओढताना पडलेले पांढरट पट्टे, शेजारच्या होडीच्या टायरने उमटवलेले काळे डाग असा सगळा हिशेब तिच्या अंगावर लिहिलेला असतो.

यांतील बहुतेक खुणा केवळ दिसण्यापुरत्या असतात आणि थोडे साहित्य व पुरेसा संयम असल्यास मालकाला त्या स्वतः दूर करता येतात. पण त्यांच्यातच एखादी खूण अशी असते की जिच्याखाली कवच भंगलेले असते. तिच्यावर रंगाचा हात फिरवला की ती दिसेनाशी होते, मात्र पाणी आपले काम थांबवत नाही. म्हणून दुरुस्तीच्या कृतीइतकेच महत्त्व परीक्षेला आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने फायबरच्या होड्यांचा विचार केला आहे.

कवचाची रचना

फायबरची होडी साच्यात बाहेरून आत अशा क्रमाने घडते. गुळगुळीत साच्याला आतून मेण लावून त्यावर प्रथम रंगमिश्रित पॉलिएस्टर राळेचा थर देतात. यालाच जेलकोट म्हणतात. तो काहीसा घट्ट झाला की त्यावर काचतंतूंची चटई आणि विणलेले काचकापड राळेत भिजवून एकावर एक बसवतात. होडी साच्यातून निघते तेव्हा जेलकोट सर्वांत वर असतो आणि साच्याची तुळतुळीत झाक त्याच्यावर उतरलेली असते.

हा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे चारपाच कागद एकावर एक ठेवावेत एवढाच असतो. होडीचे बळ काचतंतूंच्या थरांत असते. जेलकोट ऊन आणि पाणी यांपासून त्या थरांचे रक्षण करतो. ओरखडा जेलकोटातच थांबला असेल तर होडीच्या बळाला बाध येत नाही. तो काचतंतूंपर्यंत पोहोचला असेल तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, कारण उघड्या तंतूंच्या कडेने पाणी आत झिरपत जाते.

सर्वच फायबर नौकांना जेलकोट असतो असे मात्र नाही. दिवाडी बेटावरील अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये नौदलासाठी बांधलेल्या ‘म्हादई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौकांत लाकडी गाभ्यावर फायबरचे आवरण आहे. २००९-१० मध्ये ‘म्हादई’तून दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यातून निघून गोव्यातच ती पूर्ण केली. साच्याविना, गाभ्यावर आवरण चढवून घडवलेल्या अशा नौकांवर सामान्यतः जेलकोटाऐवजी रंगाचे थर असतात. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी आपल्या होडीवर जेलकोट आहे की रंग, हे ठरवणे आवश्यक ठरते. एका कोपऱ्यात बारीक वॉटरपेपर घासून पाहावा. खालून वेगळ्या रंगाचा थर किंवा प्रायमर डोकावला तर वरचा थर रंगाचा समजावा.

ओरखडा की तडा

परीक्षेपूर्वी होडी गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. मीठ आणि शेवाळ यांच्या पापुद्र्याखाली काहीच खात्रीने सांगता येत नाही. त्यानंतर पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नखाची परीक्षा. ओरखड्यावर आडवे नख फिरवावे. नख अडत नसेल तर नुकसान केवळ वरच्या झाकेचे आहे आणि पॉलिशने भागेल. नख अडले, पण चऱ्याचा तळ होडीच्याच रंगाचा दिसला, तर चरा जेलकोटात आहे. तळाशी वेगळा, काहीसा पारदर्शक वा हिरवट-पिवळसर थर किंवा तंतू दिसले, तर जेलकोट पार झालेला आहे.

दुसरी, रेघांचा आकार. घासण्याने पडलेला ओरखडा एका दिशेने जातो. एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या बारीक भेगा आघात झाल्याचे सांगतात. एकमेकींना समांतर भेगा असतील तर तो भाग भाराखाली वाकत असल्याचा संशय घ्यावा. अशा भेगा कितीही बारीक असल्या तरी त्यांना ओरखड्यांत धरू नये.

तिसरी, आवाज. नाण्याच्या कडेने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आसपास हलके ठोकत जावे. भरीव भागातून खणखणीत आवाज येतो. एखाद्या जागी तो बद्द झाला तर तेथे थर एकमेकांपासून सुटले असण्याची शक्यता आहे.

चौथी, आतली बाजू. ओरखड्याच्या नेमक्या मागे, होडीच्या आत, पांढरट पडलेले तंतू, ओल किंवा भेग आहे का ते बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. ही पायरी बहुधा टाळली जाते, कारण त्यासाठी फळ्या आणि जाळी बाजूला काढाव्या लागतात.

पाचवी, पाझर. होडी बाहेर काढून काही दिवस लोटले तरी चऱ्यातून पाणी येत असेल, किंवा जवळचा फोड टोचल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर पाणी थरांत मुरलेले आहे.

दुसऱ्या ते पाचव्या परीक्षेत संशय आला, किंवा पहिल्या परीक्षेत तंतू दिसले, तर घरगुती दुरुस्ती तेथेच थांबवून जाणत्या कारागिराला दाखवावे. आधी काचतंतूंचे थर सांधावे लागतात, वरचा जेलकोट शेवटी येतो. विक्रीपूर्वी किंवा पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी अशा भेगांवर पॉलिश करून होडी नवी दिसावी असा मोह होतो. तिच्यात उद्या बसणाऱ्यांना त्या पॉलिशखाली काय दडले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. त्याची जबाबदारी झाकणाऱ्यावरच राहते.

हवामानाचा पेच

ज्या काळात होड्या मोकळ्या असतात, तोच काळ या कामाला सर्वांत प्रतिकूल असतो. पॉलिएस्टर राळ दमट हवेत नीट पक्व होत नाही, आणि ओल्या पृष्ठभागावर ती धरत नाही. जुलैतल्या कोकणात हवेतील आर्द्रता दिवसच्या दिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून बंदीचा काळ धुणे, तपासणे, खुणा करणे, उघडे चरे सुकू देणे आणि पॉलिश यांसाठी वापरावा. चरे भरण्याचे काम शक्यतो बंदी लागण्यापूर्वी, मेमध्ये होडी वर काढताच उरकावे. जलक्रीडेच्या व सहलीच्या होड्यांना पाऊस ओसरल्यानंतरचे कोरडे दिवस सोयीचे पडतात. पावसातच करणे भाग असेल तर छपराखाली, लागोपाठ दोनतीन दिवस उघडीप मिळाल्यावर करावे.

मे महिन्यात उलट अडचण येते. तापलेल्या पृष्ठभागावर जेलकोट लावेपर्यंतच गोठू लागतो. सकाळच्या वेळी, सावलीत, हाताला होडी कोमट लागत नसताना काम करावे.

साहित्य आणि सावधगिरी

जेलकोट, त्याचे हार्डनर, अ‍ॅसिटोन, मास्किंग टेप, ३२० ते १५०० क्रमांकांपर्यंतचे वॉटरपेपर, रबरी ठोकळा, रबिंग कंपाउंड, पॉलिश, मेण, प्लास्टिकची पट्टी आणि सुती कापड एवढे पुरते. जेलकोट घेताना दुकानात ‘आयसो’ म्हणून मिळणारा, म्हणजे आयसोफ्थॅलिक राळेचा मागावा. सामान्य प्रतीच्या राळेपेक्षा तो पाण्याला अधिक टिकतो. डब्यात गुठळ्या झालेला वा मधासारखा दाट झालेला जुना माल वापरू नये. मोटारींच्या गॅरेजमध्ये वापरतात ती लांबीही होडीला भरू नये. तिच्यातील शंखजिरे पाणी शोषून घेते आणि काही महिन्यांत भरण फुगून सुटते.

हार्डनर म्हणून जे द्रव्य मिळते ते तीव्र दाहक पेरॉक्साइड आहे. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. चष्म्यासारखा बंदिस्त गॉगल आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडू नये. डोळ्यात गेलेच तर तत्क्षणी वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे आणि थेट डॉक्टरांकडे जावे.

काही ठिकाणी राळेसोबत जांभळ्या रंगाचे कोबाल्टचे द्रावणही दिले जाते. ते आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, कारण त्यातून स्फोटक ज्वलन होऊ शकते. कोबाल्ट आधी जेलकोटात पूर्ण ढवळून घ्यावे लागते, हार्डनर सर्वांत शेवटी पडते. नवख्या माणसाने कोबाल्ट आधीच मिसळलेला जेलकोट घ्यावा, म्हणजे हा धोका उरत नाही.

अ‍ॅसिटोन लगेच पेट घेते. जवळपास विडी-सिगारेट, स्टोव्ह वा वेल्डिंग नसावे. राळेच्या वाफेला साधा कापडी मास्क अडवत नाही. मोकळ्या हवेत काम करावे, बंद जागेत असल्यास वाफ शोषणाऱ्या फिल्टरचा मास्क लावावा. घासताना उडणारी काचतंतूंची धूळही फुप्फुसाला बाधते, म्हणून पाणी वापरून ओलेच घासणे इष्ट.

वरवरचे ओरखडे

नख अडत नाही अशा ओरखड्यांसाठी भरणाची गरज नसते. काळे डाग तर बहुधा ओरखडे नसतातच. ते धक्क्यावर टांगलेल्या टायरचे रबर असते आणि अ‍ॅसिटोनच्या ओल्या बोळ्याने वा कंपाउंडने निघते.

इतर फिकट रेघांवर प्रथम रबिंग कंपाउंड घासून पाहावे. कापडावर थोडे घेऊन लहान वर्तुळांत, हळूहळू जोर कमी करत घासावे. रेघ राहिलीच तर १००० क्रमांकाचा वॉटरपेपर पाण्यात भिजवून रबरी ठोकळ्यावर गुंडाळावा व तेवढाच भाग घासावा. मग १५०० क्रमांक, त्यानंतर कंपाउंड, पॉलिश आणि शेवटी मेण असा क्रम ठेवावा. बोटांनी कागद दाबून घासू नये, त्याने बोटांच्या रुंदीच्या खाचा पडतात.

येथे एक भान ठेवायचे असते. जेलकोट अर्ध्या मिलिमीटरचाच आहे आणि प्रत्येक घासणीत त्यातला अंश जातो. कडा आणि कोपरे येथे तो मुळातच पातळ असतो. दरवर्षी संपूर्ण होडी घासून चकचकीत करण्याची हौस काही हंगामांतच तंतू उघडे पाडते.

खोल चरे भरणे

नख अडते, पण तंतू दिसत नाहीत, असा चरा पुढीलप्रमाणे भरावा.

आधी मेण काढावे. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडाने एकाच दिशेने पुसावे आणि कापड वारंवार बदलावे. ही पायरी घासण्यापूर्वी केली पाहिजे, नाही तर घासताना जुने मेण चऱ्यात दाबले जाते आणि भरण तेथे धरत नाही.

नंतर चरा किंचित रुंद करावा. निमुळत्या अरुंद भेगेत घट्ट जेलकोट तळापर्यंत उतरत नाही, खाली हवेचा बुडबुडा राहतो आणि पहिल्याच उन्हात भरण उडते. पटाशीच्या किंवा खरवडणीच्या टोकाने चऱ्याच्या कडा तिरप्या करून त्याला उघड्या ‘व्ही’सारखा आकार द्यावा. ३२० क्रमांकाच्या कागदाने आत हलके घासून धूळ पुसावी व पुन्हा अ‍ॅसिटोनचा हात द्यावा. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोनतीन मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावावी.

मिश्रण थोडेच करावे. हार्डनरचे प्रमाण जेलकोटाच्या वजनाच्या एक ते दोन टक्के असते. डब्यावर वेगळे प्रमाण छापलेले असल्यास तेच पाळावे. अंदाजाने थेंब टाकण्यापेक्षा सुई काढलेली, मिलिलिटरच्या खुणांची सिरिंज वापरावी. २० ग्रॅम जेलकोटाला ०.३ मिलिलिटर हार्डनर सर्वसाधारणपणे योग्य ठरते. उष्म्यात प्रमाण खालच्या मर्यादेकडे न्यावे, पण एक टक्क्याच्या खाली नेऊ नये. कमी हार्डनरने जेलकोट कधीच पूर्ण पक्व होत नाही आणि अधिक घातल्यास तो ठिसूळ होऊन पिवळा पडतो. मिनिटभर सावकाश, बुडबुडे न आणता ढवळावे. हाताशी साधारण दहापंधरा मिनिटे असतात.

भरताना प्लास्टिकची पट्टी चऱ्याच्या दिशेने तिरपी धरून मिश्रण दाबत न्यावे. पक्व होताना जेलकोट थोडा आकसतो, म्हणून भरण पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवावे. टेप मिश्रण ओले असतानाच काढावी.

साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो. त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा सुरकुत्या न पडू देता चिकटवावा, किंवा मिश्रण करतानाच दुकानात मिळणारे मेणाचे द्रावण घालावे. हे मेण पृष्ठभागावर तरंगून येते आणि हवा अडवते. मेण घातलेल्या थरावर दुसरा थर द्यायचा झाल्यास आधी तो घासून मेण काढणे भाग असते.

एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी नख रुतत नसेल तर ४०० क्रमांकाने केवळ उंचवटा उतरवावा आणि मग ६००, ८००, १०००, १५०० असे चढत जावे. भरणाभोवती पेन्सिलीच्या हलक्या रेघा ओढून ठेवल्यास मूळ जेलकोट कोठे घासला जाऊ लागला ते लगेच कळते. शेवटी कंपाउंड, पॉलिश आणि मेण.

उरलेले मिश्रण डब्यात साचून राहिले तर तापते, प्रसंगी धूर निघतो. ते पसरट भांड्यात उघड्यावर कडक होऊ द्यावे. अ‍ॅसिटोन, राळेचे बोळे आणि घासणीचा गाळ मांडवीत किंवा जुवारीत टाकू नये. ज्या पाण्यावर होडी पोट भरते त्याच पाण्यात तो जातो.

रंगाचा मेळ

पांढऱ्या होडीला पांढरा जेलकोट लावला म्हणजे रंग जुळला असे होत नाही. उन्हाने जुना पांढरा पिवळसर वा राखाडी झालेला असतो. प्रथम चऱ्याजवळचा भाग पॉलिश करून खरा रंग उघड करावा. मग जेलकोटात रंगपेस्टचे अत्यल्प अंश, काडीच्या टोकाने, घालत जावे. पक्व झाल्यावर छटा थोडी बदलते, म्हणून थोडा नमुना हार्डनर घालून टेपच्या तुकड्यावर सुकवावा आणि दिवसाउजेडी होडीला लावून पाहावा. गडद निळ्या व लाल रंगांत मेळ साधणे अधिक कठीण असते. तेथे दहा पावलांवरून दिसू नये, एवढे समाधान पुरे मानावे.

होडीवरील नोंदणी क्रमांक दुरुस्तीत पुसला गेल्यास तो पूर्वीच्याच जागी, सुवाच्य अक्षरांत पुन्हा रंगवून घ्यावा. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर मासेमारी नौकांसाठी राज्यनिहाय रंगही ठरवून देण्यात आले. त्यामुळे संपूर्ण रंग बदलण्यापूर्वी मत्स्योद्योग खात्याकडे विचारणा करणे हिताचे.

पाण्याखालचा भाग

सतत पाण्यात राहणाऱ्या भागासाठी नियम अधिक कडक आहेत. तेथे लहान चराही कोरडा करून लवकर बुजवला पाहिजे. पाणी जेलकोटातून आत शिरून विरघळणाऱ्या घटकांशी संयोग पावते, दाब वाढतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. समुद्राच्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात ही क्रिया वेगाने होते, हे अनेकांना ठाऊक नसते. हुबळी-धारवाडच्या नवनगरजवळील उणकल तलावासारख्या ठिकाणी बारमाही पाण्यात राहणाऱ्या सहलीच्या होडीला लाटांचा मार कमी असला तरी फोडांचा धोका आपल्या खाडीतल्या होडीहून अधिक असतो. अशा होड्या वर्षातून काही आठवडे तरी कोरड्यात ठेवाव्यात.

पाण्याखाली भरणासाठी इपॉक्सी अधिक चांगली, कारण ती पाण्याला जास्त रोधते. मात्र इपॉक्सीवर साधा जेलकोट नीट धरत नाही. तेथे वरून रंगच द्यावा लागतो. कालवे-शिंपले चिकटू नयेत म्हणून दिलेला जुना रंग विषारी असतो. तो कोरडा घासू नये. कथिलयुक्त टीबीटी रंगांवर २००८ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी असली तरी जुन्या नौकांवर खालच्या थरांत ते अजून असू शकतात.

लाकडी होड्या

आपल्याकडील लाकडी होड्यांना पूर्वी माशाचे वा काजूच्या टरफलाचे तेल पाजत असत. त्यांच्यावरील ओरखडा घासून पुन्हा तेल दिले की भागे. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेली, दिवाडीत बांधलेली ‘कौंडिण्य’ ही काथ्याने शिवलेली नौका याच परंपरेतील आहे.

आज मात्र अनेक लाकडी होड्यांवर फायबरचे आवरण चढवलेले असते, आणि त्यांच्यावरील ओरखडा सर्वांत फसवा. आवरण छेदले गेले की पाणी लाकूड आणि फायबर यांच्या मध्ये अडकते. त्याला वाळायला वाट नसते. वरून कवच धडधाकट दिसते आणि आत फळी कुजत राहते. अशा होडीवर नख अडवणारा प्रत्येक चरा टोकदार साधनाने तपासावा. लाकूड मऊ लागले तर आवरण तेवढे कापून काढण्यावाचून उपाय नाही.

पुढील काळजी

दरवेळी गोड्या पाण्याने धुणे, वर्षातून दोनदा, पावसाआधी व पावसानंतर, मेण लावणे, आणि धक्क्याच्या बाजूला मऊ आडोसा टांगणे या तीन सवयींनी निम्मे ओरखडे टळतात. सिलिकॉनयुक्त पॉलिश शक्यतो टाळावे, कारण त्याचा अंश राहिल्यास पुढचे भरण धरत नाही. तपासणीत आढळलेल्या प्रत्येक खुणेचे, तारीख घालून, मोबाइलवर छायाचित्र ठेवावे. पुढच्या जूनमध्ये ती रेघ तेवढीच असेल तर ओरखडा होता असे समजावे. वाढलेली असेल तर पाण्यात उतरण्यापूर्वी तिचा छडा लावावा.